घूं करतो, पण फिरत नाही: एका ड्रायरची जुलैतली दुरुस्ती

मशीन सेमी-ऑटोमॅटिक, सात किलोचं, ऑगस्ट २०२१ मध्ये घेतलेलं. तारीख पाठ आहे, कारण आधीचं मशीन २२ जुलै २०२१ च्या पुरात गेलं. त्या आठवड्यात चिपळूणमध्ये रस्त्याच्या कडेला फ्रीज, मशीन आणि गाद्यांचे ढीग लागले होते, त्यात आमचंही होतं. मग घरात नवी फरशी आली, मागच्या पडवीतल्या मोरीचा कठडा गवंड्याकडून चांगला उंच करून घेतला आणि त्याच्याशेजारी हे मशीन बसलं. गेल्या जुलैत त्याचं चौथं वर्ष संपत आलं होतं. वॉरंटी कधीच संपली होती.

ड्रायर म्हणजे इथे मशीनच्या उजव्या हाताचं अरुंद पिंप. परदेशातल्या घरांत ड्रायर म्हणून वेगळं कपाटासारखं यंत्र असतं, त्यात हीटर असतो आणि कपडे गरम हवेने वाळतात. आपल्या ड्रायरला हीटर नसतो. तो कपडे वाळवत नाही, पिळतो. मिनिटाला १३००-१४०० फेरे आणि ११-१२ सेंटिमीटर त्रिज्या धरली, तर पिंपाच्या काठावरच्या थेंबाला त्याच्या वजनाच्या दोनशे पटींहून जास्त जोर बसतो आणि तो भोकांतून बाहेर फेकला जातो. कोकणातल्या जुलैत ही पिळणी मिळाली तर कपडे पंख्याखाली दीड दिवसात वाळतात. नाही मिळाली तर तीन दिवस लागतात, आणि तिसऱ्या दिवशी शाळेच्या शर्टाला असा कुबट वास येतो की पोर तो घालायला तयार होत नाही.

तर एका सकाळी टायमर फिरवला आणि ड्रायर नुसता घूं करत राहिला. पिंप चार बोटं सरकलं आणि थांबलं. झाकण उघडून कपडे नीट दाबून बसवले, वरची प्लास्टिकची जाळी ठेवली, पुन्हा टायमर फिरवला. पुन्हा घूं. तिसऱ्या वेळी बारीकसा गरम वास आला, तेव्हा बटण बंद करून प्लग काढला. हे तिसरं वळण मी घ्यायला नको होतं. मोटर अडकलेली असताना करंट चालूच राहिला तर वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तापते, आणि बऱ्याच मोटरींत वाइंडिंगच्या आत एक थर्मल फ्यूज पुरलेला असतो. तो एकदा उडाला की मोटरच बदलावी लागते.

कंपनीच्या माणसाला फोन केला तर आठ दिवसांनंतरची वेळ मिळाली. गल्लीतल्या मेकॅनिकने फोनवरच सांगितलं, "ताई, मोटर गेली असणार, दीड-दोन हजार धरून चाला." न बघता दिलेलं हे निदान मला पटलं नाही. नवरा लोट्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, पण त्या आठवड्यात त्याची रात्रपाळी होती. घरात मल्टिमीटर होता, दहा नंबरचा पाना होता. मागचे स्क्रू मीच काढायला घेतले.

आवाजावरून बरंच कळतं. बटण फिरवून काहीच होत नसेल तर टायमर, झाकणाचा स्विच, एखादी निसटलेली वायर असं बघावं लागतं. इथे घूं येत होतं, म्हणजे मोटरपर्यंत करंट पोहोचत होता. मग तीन शक्यता उरतात. एक, कंडेन्सर कमजोर झालाय. दोन, काहीतरी अडकलंय. तीन, मोटरीची एक वाइंडिंग गेलीय. सिंगल फेज मोटरला स्वतःहून सुरू होता येत नाही. तिच्या दुसऱ्या वाइंडिंगमधला करंट कंडेन्सर थोडा पुढे ढकलतो, त्यातून फिरायची दिशा आणि पहिला जोर मिळतो. कंडेन्सर थकला की मोटर जागच्या जागी गुणगुणते. काही जण अशा वेळी चालू मशीनमध्ये हात घालून पिंपाला धक्का देतात आणि ते फिरतंही. मी हे करत नाही आणि कुणाला सांगतही नाही. त्या वेगाला बोटं सापडली तर झाकणाचा ब्रेक काही कामाचा नाही.

मागचं पत्र्याचं झाकण काढलं. आत डावीकडे धुण्याची मोटर, उजवीकडे ड्रायरची, तीन स्प्रिंगांवर बसवलेली. मध्ये काळा चौकोनी कंडेन्सर, त्याच्यावर छापलेलं १०+५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट. म्हणजे एकाच डब्यात दोन: दहाचा धुण्याच्या मोटरीला, पाचचा ड्रायरला. प्लग काढलेला असला तरी कंडेन्सरमध्ये विजेचा साठा राहू शकतो. माझा टेस्ट लॅम्प म्हणजे साठ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी. त्याची टोकं आधी कंडेन्सरच्या वायरींना लावली. बल्ब पेटत नाही, पेटायचं त्याला कामही नाही. आतला साठा मुकाट जिरतो. मग मोबाइलवर फोटो काढला, कोणती वायर कुठे होती ते दिसेल असा, आणि कंडेन्सर सोडवला.

मीटरवर दहाची बाजू ९.६ आली. पाचची बाजू ३.२.

इथे मला विजयी वाटलं आणि चूक इथेच झाली. मोटरीच्या तीन वायरींतले ओहम मोजले. दोन मापं साधारण सारखी, तिसरं त्यांच्या बेरजेइतकं, म्हणजे वाइंडिंग शाबूत. काही अडकलंय का ते बघायला पिंप हाताने फिरवून पाहिलं तर जड लागलं. पण झाकण उघडं होतं, आणि उघड्या झाकणात ब्रेक लागलेलाच असतो. जड लागणारच, असं म्हणून मी सोडून दिलं. तर्क बरोबर होता. पण त्या चाचणीतून काहीच कळलं नव्हतं, आणि मी मात्र ती पास झाली असं धरून चालले.

बाजारातल्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात जुना कंडेन्सर पुढे ठेवला. काउंटरवरच्या काकांनी तो उलटा करून बघितला आणि मागच्या खोक्यातून तसाच नवा काढला. १३० रुपये. घरी येऊन जोडला, जोडांवर टेप गुंडाळली, टायमर फिरवला. पिंप फिरलं. सासूबाई देवापाशी होत्या, तिथूनच म्हणाल्या, "अगो, लागलं की!"

समाधानासाठी एक मोजणी केली. अंघोळीचा टॉवेल, कोरडा ४२० ग्रॅम. हाताने पिळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर १०१० ग्रॅम. ड्रायरमध्ये पाच मिनिटं फिरवून ७२० ग्रॅम. मला आकडा बरा वाटला, कारण तुलनेला दुसरा आकडा नव्हता.

चौथ्या दिवशी पुन्हा घूं. या वेळी वास बारीकसा नव्हता. सासूबाईंनी पडवीतून हाक मारली, "अगो, जळतंय काहीतरी!" मी धावत जाऊन प्लग ओढला. मागचं झाकण काढून मोटरीच्या बॉडीवर हाताची पाठ टेकवली तर क्षणभरसुद्धा ठेववेना. नवा कंडेन्सर मोजला: ५.१. तो ठणठणीत होता.

मग आधीच करायला हवी होती ती चाचणी केली. झाकणापासून एक बारीक तार खाली मोटरीकडे जाते. झाकण बंद केलं की ती ताणली जाते आणि मोटरीच्या वरच्या ड्रमवरून, म्हणजे मोटर आणि पिंप जोडणाऱ्या चाकावरून, ब्रेकचा बूट उचलला जातो. झाकण उघडलं की तार सैल पडते आणि स्प्रिंग बुटाला ड्रमवर दाबते. म्हणजे ब्रेक सुटतो की नाही हे बघायचं तर झाकण बंद हवं, आणि मग वरून हात घालता येत नाही. प्लग काढून बाजूला ठेवला, सासूबाईंना झाकण दाबून धरायला सांगितलं आणि मी मागून हात घालून ड्रम बोटांनी फिरवला. जड. "आई, आता उघडा." तरीही जड. "बंद करा." तसंच. उघड्या आणि बंद झाकणात काडीचा फरक नव्हता.

मोबाइलच्या टॉर्चने पाहिलं. तार तुटलेली नव्हती, ताणलीही जात होती. पण ज्या पिनेवर ब्रेकचा दांडा फिरतो ती पिन गंजाने फुगून तपकिरी झाली होती. दांडा अर्ध्यावर येऊन अडकत होता, बूट ड्रमला घासतच राहत होता. म्हणजे गेले कित्येक दिवस, कदाचित महिने, आमची मोटर ब्रेक लावलेल्या गाडीसारखी चालत होती. कंडेन्सर चांगला होता तोवर ती ओढत राहिली. तो ३.२ वर आल्यावर तिचा पहिला जोर कमी पडला आणि ती थांबली. मी नवा कंडेन्सर घालून तिला तीन दिवस पुन्हा ओढायला लावलं. दुखणी दोन होती, मी एकच बरं केलं आणि त्यामुळे दुसरं झाकलं गेलं.

पॉलिश पेपरने पिन घासली, गंज सोडवणारा स्प्रे मारून दांडा पुढेमागे हलवला, मग शिलाई मशीनचं तेल दोन थेंब. ड्रमवर जुन्या बनियनची चिंधी गुंडाळून ठेवली होती, कारण तिथे तेल गेलं तर ब्रेक धरणारच नाही. अर्ध्या तासाने बूट पूर्ण उचलला जाऊ लागला. बंद झाकणात ड्रम एका बोटाच्या टिचकीने फिरला.

इथे पुन्हा थांबता आलं असतं. पण मोटरीच्या बॉडीवर एक पांढरा ओघळ दिसत होता. वरून खाली, वाळलेला, खडूसारखा. नखाने खरवडून वास घेतला: साबण. मोटरीवर साबणाचं पाणी कुठून येणार? तिच्या नेमकं वर पिंपाचा दांडा बाहेरच्या टबच्या तळातून खाली येतो, आणि त्या भोकात रबराचा सील असतो. पिन गंजली ती पावसाळी हवेने नव्हे, वरून ठिबकणाऱ्या पाण्याने.

मग जूनमधली एक गोष्ट आठवली. घराचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, महिन्यात तीनदा पडला होता आणि आम्ही तिन्ही वेळा पावसाला दोष दिला होता. सासूबाईंना तिन्ही दिवस लक्षात होते. "चादरींच्या दिवशी पडला," त्या म्हणाल्या. चादरी म्हणजे सर्वांत जास्त पाणी. ईएलसीबी बिचारा सांगत होता की मोटरीतून बॉडीकडे आणि बॉडीतून अर्थिंगला करंट गळतोय, आणि आम्ही बटण वर करून मोकळे होत होतो. आमच्या घरात तो नसता आणि अर्थिंगही धड नसतं, तर ओल्या हातांनी मशीनला कोण टेकलं असतं याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ केला.

सील बदलायला पिंप वर काढावं लागतं. ड्रमच्या बाजूला दोन बोल्ट असतात, ते पिंपाचा दांडा आवळून धरतात. दहा नंबरच्या पान्याने ते सैल केले, पण दांडा हलेना. गंज इथेही होता. स्प्रे मारून चहा प्यायले, लाकडी ठोकळा ठेवून खालून हलके ठोकले, पुन्हा स्प्रे. तासाभराने पिंप कचकन वर आलं.

खाली चार वर्षं जमलेलं होतं. काळा बुळबुळीत थर, केसांची एक क्लिप, दोन रुपयांचं नाणं, आणि लेकाचा तो निळा मोजा, ज्याच्या जोडीदाराचा मी दोन वर्षांपूर्वी पायपुसण्यात समावेश केला होता. मोजा निचऱ्याच्या भोकावर अर्धा चिकटला होता. पण मला खटकलं ते पाणी. मशीन दोन दिवस बंद होतं, तरी टबच्या तळाशी बोटभर पाणी उभं होतं. मोजा काढला. पाणी थोडं खाली गेलं आणि पुन्हा थांबलं.

या मशीनला उपसा करणारा पंप नसतो. पाणी उताराने जातं, एवढंच. धुण्याच्या बाजूला झडप असते, ड्रायरच्या बाजूला ती नसते, पाणी सरळ निचऱ्याच्या पाइपात उतरतं. आणि आमचा पाइप मोरीच्या कठड्यावरून पलीकडे टाकलेला होता. टेपने मोजलं: कठडा पावणेअकरा इंच, त्यावर पाइपाची कमान, म्हणजे सगळ्यांत उंच जागा फूटभर. ड्रायरच्या टबचा तळ त्याहून खाली होता. पाणी पाइपाच्या कमानीइतकं चढल्याशिवाय बाहेर जाणारच नव्हतं, आणि शेवटचं बोटभर पाणी कधीच गेलं नव्हतं. चार वर्षं सील दिवसरात्र साबणाच्या पाण्यात बुडून होता. पिंप त्याच पाण्यात फिरायचं, म्हणून अधूनमधून ड्रायरमध्ये फेस यायचा आणि मी पावडर कमी घालायचे.

जुना सील हातात घेतल्यावर रबर चिकट लागलं, आतली कड एका बाजूने झिजून पापडासारखी झाली होती. दुकानात काकांनी तीन मापं काढली. दिसायला तिन्ही सारखी. जुना नेला नसता तर चुकीचाच आणला असता. ९० रुपये. बसवताना बाहेरच्या कडेला साबणाचं पाणी आणि आतल्या बुशला ग्रीस लावलं. मग पिंप घालण्याआधी टबमध्ये तांब्याभर पाणी ओतलं, मोटरीवर वर्तमानपत्राची घडी ठेवली आणि वरणाचा कुकर लावायला गेले. तासाने आले तर कागद कोरडा होता.

पिंप बसवताना एकदा चुकले. दांड्यावर बोल्टसाठी खोलगट जागा असतात, बोल्टाचं टोक तिथेच टेकायला हवं. माझं कडेला टेकलं होतं. हाताने फिरवल्यावर पिंप डुलताना दिसलं, म्हणून पुन्हा सोडवलं आणि दांडा बोटाने चाचपत जागा शोधली. मोटर दोन दिवस टेबलफॅनसमोर उघडी ठेवली. मग वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये मीटर लावला, काही दाखवलं नाही. घरगुती मीटर फार कमी व्होल्टेजवर मोजतो, त्यामुळे त्याच्या 'काही नाही'वर मी पूर्ण विसंबले नाही. नवऱ्याने ओळखीच्या इलेक्ट्रिशियनचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेजवर गळती तपासणारा मीटर, आणला, त्यानेही होकार दिला. मोटरीचा हा एक निकाल मी स्वतः द्यायला नको, असं मला वाटतं. पाणी प्यायलेली मोटर नुसती चालते म्हणून ती सुरक्षित ठरत नाही.

राहिला कठडा. नवरा म्हणाला, "तळाशी भोक पाडू, पाइप त्यातून काढू. दहा मिनिटांचं काम." सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण जेवण झाल्यावर म्हणाल्या, "त्याला भोक नको." २०२१ ला पहिलं पाणी मोरीच्या तोंडातूनच उलटं वर आलं होतं. कठडा त्यानंतरचा. घराच्या भिंतींवर पाण्याची रेघ जिथे होती तिथवर बघितलं तर पावणेअकरा इंचांचा कठडा काय अडवणार, हे आम्हां तिघांनाही माहीत होतं. कुणी ते बोललं नाही. दुसऱ्या दिवशी फॅब्रिकेशनवाल्याकडे अँगलचा आठ इंची स्टँड सांगितला, ९०० रुपये, पायांखाली जुन्या टायरच्या चकत्या. मशीन वर गेलं, पाइपाला उतार मिळाला. पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा शेवटी पाइपाने गुडगुड आवाज करून हवा ओढली. हा आवाज या मशीनने आधी कधी केला नव्हता.

तोच टॉवेल पुन्हा मोजला: ६५० ग्रॅम. ७२० ला मी खूश झाले होते, ते आठवून हसू आलं. पाच मिनिटं चालवून मोटरीला हात लावला, कोमट. झाकण उघडल्यावर पिंप थांबायला किती वेळ लागतो ते मोजलं, एक ते सहा आकडे म्हणेपर्यंत. कंडेन्सर, सील, स्प्रे आणि पॉलिश पेपर मिळून चारशेच्या आत, स्टँड वेगळा.

पूर्ण वेगात गेल्यावर मोटरीतून एक बारीक किरकिर येते. खालच्या बेअरिंगमध्ये पाणी गेलं असणार, ते आज ना उद्या बदलावं लागेल. ईएलसीबी तेव्हापासून पडलेला नाही. मोटरीवर वर्तमानपत्राची घडी मात्र अजून ठेवलेली असते. चादरींच्या दिवशी काम झालं की सासूबाई प्लग काढायला लावतात आणि मागून हात घालून कागद बोटांनी दाबून बघतात.